सेल फिरतो, प्लगला ठिणगी आहे, पेट्रोलही येतंय, तरी ११० सीसी एटीव्ही चालू होत नाही

रानवाट_११०

नमस्कार मंडळी. लहान एटीव्ही आहे, म्हणजे रानवाटेवर चालवायची चारचाकी. ११० सीसी, फोर-स्ट्रोक, आडवा सिलिंडर, हवेवर थंड होणारं इंजिन. गिअर ऑटोमॅटिक, पुढे-न्यूट्रल-रिव्हर्स. किक नाही, फक्त सेल. गाडी काही महिने एका जागी उभी होती. आता सेल मारला की इंजिन व्यवस्थित फिरतं, पण पकडत नाही.

आतापर्यंत पाहिलेलं असं:

बॅटरी चार्ज करून घेतली, स्थिर असताना १२.७ व्होल्ट. प्लग नवा, सी७एचएसए, गॅप ०.६ मिमी. प्लग बाहेर काढून हेडला टेकवून सेल मारला तर निळसर ठिणगी दिसते. टाकीतलं जुनं पेट्रोल पूर्ण काढून नवं भरलं. कार्ब्युरेटरच्या बाउलचा (तळाच्या पेट्रोलच्या वाटीचा) ड्रेन स्क्रू सैल केला की पेट्रोल येतं. एअर फिल्टर काढून पाहिला, स्वच्छ आहे. कार्ब्युरेटरच्या तोंडात पेट्रोलचे थोडे थेंब टाकून सेल मारला तर एखादा ठोका पडतो आणि पुन्हा नुसतं फिरत राहतं. बराच वेळ सेल मारल्यावर प्लग काढला तर किंचित ओलसर असतो.

एक गोष्ट आणखी. गाडी उभी करून ठेवण्याच्या आधीपासूनच सेल जरा जास्त वेळ मारावा लागायचा, पण एकदा चालू झाली की नीट चालायची. सीडीआय (ठिणगी सोडणारा इलेक्ट्रॉनिक डबा), कॉइल, कार्ब्युरेटर यातलं आधी काय बदलावं?

चाकजोडी

सध्या काहीच बदलू नका. आधी मोजमाप करू.

इंजिन चालू व्हायला पुरेशी ठिणगी, योग्य प्रमाणातलं पेट्रोल-हवेचं मिश्रण आणि पुरेसं कॉम्प्रेशन (सिलिंडरमध्ये मिश्रण दाबलं जाणं) लागतं, आणि ठिणगी योग्य क्षणी पडावी लागते. तुम्ही ठिणगी आणि पेट्रोल या दोन गोष्टी पाहिल्या आहेत, त्यासुद्धा अर्ध्याच. कॉम्प्रेशन आणि टायमिंगला हातच लागलेला नाही.

ठिणगीबद्दल. मोकळ्या हवेत ०.६ मिमीच्या गॅपमध्ये ठिणगी पडणं ही फार सोपी परीक्षा आहे. सिलिंडरमध्ये दाबलेल्या मिश्रणातून तीच ठिणगी उडवायला कितीतरी जास्त व्होल्टेज लागतं. म्हणून गॅप कमी-जास्त करता येणारा स्पार्क टेस्टर घ्या, गॅप ६ मिमीवर ठेवा आणि सेल मारा. दर वेळी कडक आवाजाची निळी-पांढरी ठिणगी पडली तर इग्निशन ठीक. नारिंगी, बारीक, मधेच चुकणारी ठिणगी म्हणजे करंट कमजोर. दोन काळज्या घ्या. प्लगच्या भोकातून पेट्रोलची वाफ बाहेर येते, त्यामुळे भोकावर कापड ठेवा आणि टेस्टर तिथून लांब धरा. आणि प्लगची वायर कुठेही न जोडता लोंबकळत ठेवून सेल मारू नका. ठिणगीला वाट मिळाली नाही तर कॉइल किंवा सीडीआयच्या आतलं इन्सुलेशन फाटू शकतं.

पेट्रोलबद्दल. ड्रेनमधून पेट्रोल आलं म्हणजे बाउल भरला होता एवढंच कळतं. ड्रेन उघडाच ठेवून खाली काचेची बाटली धरा आणि १५-२० सेकंद वाहू द्या. धार शेवटपर्यंत सारखी राहिली पाहिजे. हळूहळू बारीक होत गेली तर टाकीच्या झाकणाचं हवेचं भोक बुजलंय किंवा पेट्रोल कॉकच्या जाळीत गाळ आहे. झाकण सैल केल्यावर धार वाढली तर दोष झाकणात. बाटली पाच मिनिटं स्थिर ठेवा. तळाशी पाण्याचे गोळे जमले तर नवं भरण्याआधी टाकी पुरती कोरडी झालेली नव्हती. इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल ओलावा धरतं आणि प्रमाण वाढलं की पाणी आणि इथेनॉल मिळून तळाला वेगळे होतात. कार्ब्युरेटरला पहिलं तेच मिळतं.

तुमच्या माहितीतला मला सगळ्यात महत्त्वाचा वाटणारा भाग म्हणजे थेंब टाकल्यावरचा तो एकच ठोका. पेट्रोलच कमी पडत असतं तर बाहेरून दिल्यावर इंजिन दोन-तीन सेकंद सलग चाललं असतं. हे मोजून करा: इंजेक्शनच्या सिरिंजने १ ते २ मिली पेट्रोल कार्ब्युरेटरच्या तोंडात सोडा, एअर फिल्टर परत बसवा आणि मगच सेल मारा. तोंड उघडं ठेवून सेल मारताना चेहरा समोर नको, उलट भडका येऊ शकतो. तरीही नुसता एखादा ठोकाच पडत असेल तर कार्ब्युरेटर सध्या बाजूला ठेवा आणि कॉम्प्रेशन मोजा.

सेल एका वेळी ५ ते ८ सेकंदांपेक्षा जास्त नको, मधे निदान अर्धा मिनिट विश्रांती. एवढ्या लहान मोटरचं वाइंडिंग सलग सेल मारूनच जळतं.

वेगवान_क्वाड

या इंजिनांना कार्ब्युरेटर, सीडीआय आणि कॉइल असा संच सहज मिळतो. तिन्ही एकदम बदला, तपासत बसण्यापेक्षा वेळ वाचेल. महिनोन्महिने उभी राहिलेली गाडी म्हणजे कार्ब्युरेटर चोकअप, दहापैकी नऊ वेळा.

टॅपेट_शून्यपाच

उभ्या राहिलेल्या गाडीचा कार्ब्युरेटर चोकअप होतो हे खरंच आहे. पण प्रश्नात लिहिलंय की उभी करण्याआधीपासूनच सेल जास्त वेळ मारावा लागत होता. जेट (कार्ब्युरेटरमधलं पेट्रोलचं बारीक भोक) गाडी उभी राहिल्यावर बुजतो. त्याआधीपासून चालू असलेली तक्रार दुसऱ्या कशाची तरी आहे, आणि ती हळूहळू वाढत गेलीय. शिवाय संचातला नवा कार्ब्युरेटर जेटच्या आकड्यात जुळेलच असं नसतं. मग मूळ दोष तसाच राहतो आणि वर मिश्रणाचा नवा घोळ सुरू होतो.

माझा संशय व्हॉल्व्हवर आहे. टॅपेट सैल झाले, म्हणजे व्हॉल्व्ह आणि त्याला दाबणारा रॉकर यांच्यातला गॅप वाढला, की कटकट आवाज येतो, म्हणून सगळ्यांचं लक्ष जातं. घट्ट झाले तर आवाज उलट कमी होतो आणि इंजिन छान चाललंय असं वाटतं. या इंजिनांत व्हॉल्व्ह आपल्या सीटवर आपटून आपटून थोडा आत बसत जातो. तो आत गेला की त्याची दांडी रॉकरच्या बाजूला वर येते आणि गॅप कमी होतो. गॅप शून्य झाला की व्हॉल्व्ह पूर्ण मिटतच नाही. चालू इंजिनात वेग जास्त असल्यामुळे तेवढी गळती खपून जाते, पण सेलच्या मंद वेगाला मिश्रण दाबलं जाण्याआधीच निसटतं. म्हणून चालू व्हायला त्रास आणि चालू झाल्यावर ठीक, असं दिसतं. तसंच चालवत राहिलं तर आणखी वाईट. एक्झॉस्ट व्हॉल्व्ह आपली उष्णता सीटला टेकलेला असतानाच देऊ शकतो. टेकला नाही तर त्याची कड जळते आणि मग हेड उतरवण्याशिवाय इलाज नसतो.

आधी कॉम्प्रेशन. १० मिमी आट्यांचा अडॅप्टर लागेल, कारण सी७एचएसए प्लगचे आटे तेवढेच असतात. बॅटरी पूर्ण चार्ज, प्लगची वायर अर्थ केलेली, चोक उघडा आणि थ्रॉटल पूर्ण दाबलेला. थ्रॉटल बंद ठेवून मोजलं तर सिलिंडरमध्ये हवाच पुरेशी जात नाही आणि आकडा फसवा कमी येतो. काटा वाढायचा थांबेपर्यंत सेल मारा, साधारण ५-६ दाब. या घडणीच्या धडधाकट इंजिनात १३० ते १७० पीएसआयच्या दरम्यान आकडा येतो. ९० च्या खाली गेला की इंजिन पकडणं नशिबावर.

कमी आला तर प्लगच्या भोकातून ५ मिली इंजिन ऑइल घालून परत मोजतात. आकडा चांगला वाढला तर दोष पिस्टनच्या रिंगांत, नाही वाढला तर व्हॉल्व्हमध्ये. पण तुमचा सिलिंडर आडवा आहे, त्यामुळे ऑइल खालच्या बाजूला साचतं, वरच्या बाजूच्या रिंगेपर्यंत पोचत नाही. ऑइल घातल्यावर प्लगच्या भोकावर कापड धरून दोन-तीन सेकंद सेल मारा म्हणजे ते पसरेल, आणि मग गेज लावा. कॉम्प्रेसर असेल तर याहून खात्रीची रीत म्हणजे पिस्टन कॉम्प्रेशनच्या वरच्या टोकाला आणून प्लगच्या भोकातून ३० ते ४० पीएसआय हवा सोडणं. सायलेन्सरमधून फुसफुस आली तर एक्झॉस्ट व्हॉल्व्ह, कार्ब्युरेटरमधून आली तर इनलेट, ऑइल भरायच्या भोकातून आली तर रिंगा. हवेच्या दाबाने क्रँक झटक्यात फिरू शकतो, फ्लायव्हीलच्या (क्रँकच्या टोकावरच्या जड चाकाच्या) नटावर पाना लावून ठेवला असेल तर आधी काढा.

आता टॅपेट. इंजिन पूर्ण थंड हवं, म्हणजे रात्रभर बंद राहिलेलं.

प्लग काढा, इंजिन हाताने हलकं फिरेल. हेडवर वर एक आणि खाली एक अशी दोन टॅपेट झाकणं आहेत. वरचा इनलेट, खालचा एक्झॉस्ट. झाकणांना बहुधा १७ चा पाना लागतो. डाव्या कव्हरवर दोन गोल झाकणं असतात. मधल्यातून फ्लायव्हीलचा नट दिसतो, दुसऱ्यातून फ्लायव्हीलवरच्या खुणा. डावीकडून पाहताना इंजिन घड्याळाच्या उलट दिशेने फिरवायचं.

वरचा इनलेट व्हॉल्व्ह दाबला जाऊन परत वर येईपर्यंत फिरवा, आणि तसंच पुढे हळूहळू फिरवत "टी" खूण कव्हरच्या खाचेसमोर आणा. टीच्या जरा आधी "एफ" खूण येते, ती ठिणगीची असते. तिथे थांबू नका. प्लगच्या भोकावर बोट ठेवून हवेच्या धक्क्यावरून कॉम्प्रेशन ओळखायची रीत इथे चालणार नाही, कारण व्हॉल्व्ह गळत असेल तर धक्काच लागत नाही. इनलेट मिटल्यानंतरची पहिली टी, एवढंच लक्षात ठेवा.

आता दोन्ही रॉकर हाताने हलवून बघा. किंचित टकटक झाली पाहिजे. अजिबात हलत नसेल तर तो व्हॉल्व्ह घट्ट आहे. दोन्हींचा गॅप थंड इंजिनात ०.०५ मिमी. ०.०५ चं पातं हलक्या ओढीने सरकावं आणि ०.०८ चं आत जाऊ नये. लॉकनट सैल करून चौकोनी डोक्याचा स्क्रू फिरवायचा आणि स्क्रू धरून ठेवूनच नट घट्ट करायचा. नट आवळताना गॅप थोडा बदलतोच, म्हणून आवळल्यावर पातं परत घालून बघा. मग क्रँक पूर्ण दोन फेरे फिरवून टीवर आणा आणि दोन्ही गॅप पुन्हा मोजा. झाकणांचे ओ-रिंग फाटलेले असतील तर बदला, तिथून ऑइल खाली सायलेन्सरच्या पाइपवर गळतं.

हा ०.०५ चा आकडा या आडव्या ११०-१२५ सीसी इंजिनांचा आहे. दुसऱ्या घडणीचं इंजिन असेल तर त्याच्या मॅन्युअलमधला आकडा घ्या.

दगडवाट

याच धाग्यात विचारतो, गाडी जवळपास तशीच आहे. माझ्याकडे सेल फिरतो पण ठिणगी अजिबात नाही. ना निळी ना नारिंगी. प्लग बदलला, प्लग कॅप बदलली. गाडी धुतल्यानंतर हे सुरू झालं. मागच्या बाजूला दोरी ओढून इंजिन बंद करायचा स्विच आहे आणि रिमोटनेही बंद करता येतं. मल्टिमीटर आहे. कुठून सुरुवात करू?

वायरिंगवाला

दगडवाट, धुतल्यावर ठिणगी गेली आणि गाडीला बंद करायचे एवढे मार्ग आहेत, तर आधी किल सर्किट (इंजिन बंद करणारं वायरिंग) बघा. स्टेटर (इंजिनवरची वीज तयार करणारी कॉइल) आणि सीडीआय नंतर.

या गाड्यांत बहुतेक एसी सीडीआय असतो, म्हणजे ठिणगीसाठी लागणारी वीज बॅटरीतून न येता थेट स्टेटरमधून येते. इंजिन बंद करण्यासाठी सीडीआयची एक वायर अर्थ केली जाते. हँडलवरचा लाल स्विच, चावी, दोरीचा स्विच आणि रिमोटचा डबा, हे सगळे त्याच एका वायरला जोडलेले असतात. यातल्या कुठल्याही एकात पाणी शिरून ती वायर अर्थ झाली की ठिणगी गायब. न्यूट्रलचा आणि ब्रेकचा स्विच मात्र सहसा सेलच्या सर्किटमध्ये असतात. तुमचा सेल फिरतोय, तेव्हा त्यांना हात लावायची गरज नाही.

बहुतेक गाड्यांत सीडीआयच्या वायरींचे रंग असे असतात: काळी-लाल स्टेटरच्या चार्जिंग कॉइलकडून, निळी-पांढरी पिकअपकडून (ठिणगीची वेळ सांगणारी छोटी कॉइल), काळी-पिवळी इग्निशन कॉइलकडे, हिरवी अर्थ आणि काळी-पांढरी किल. रंग जुळतात का ते वायर धरून तिच्या दुसऱ्या टोकापर्यंत जाऊन तपासा. दुरुस्त्या झालेल्या गाडीत रंगावर विश्वास नको.

गाडी न्यूट्रलमध्ये ठेवा, मागची चाकं उचलून धरा. फक्त काळी-पांढरी वायर सीडीआयच्या सॉकेटमधून बाहेर काढा आणि टेस्टर लावून सेल मारा. ठिणगी आली तर सीडीआय, स्टेटर, कॉइल सगळं ठीक आणि दोष किल सर्किटमध्ये. लक्षात ठेवा, ही वायर काढलेली असताना इंजिन चालू झालं तर ते चावीने बंद होणार नाही. बंद करायला चोक पूर्ण लावायचा. या अवस्थेत गाडी चालवायची नाही, कारण घसरून पडल्यावर दोरी निघाली तरी इंजिन चालूच राहील. लहान मुलं चालवत असतील तर तो स्विच म्हणजे त्यांचा जीव आहे.

ठिणगी नाहीच आली तर मीटर घ्या. सीडीआयचा सॉकेट काढून वायरिंगच्या बाजूने मोजायचं. काळी-लाल ते हिरवी साधारण २०० ते ६०० ओहम, निळी-पांढरी ते हिरवी साधारण १०० ते २०० ओहम. मीटरने अनंत दाखवलं तर कॉइल तुटलीय किंवा मधला सॉकेट निसटलाय, शून्याजवळ दाखवलं तर शॉर्ट. ओहम बरोबर आले तरी तिथे थांबू नका. मीटर एसी व्होल्टवर ठेवून सेल मारा. काळ्या-लालवर साधारण ४० व्होल्टच्या वर यायला हवेत, आणि निळ्या-पांढऱ्यावर व्होल्टचा काही दशांश तरी, ०.२ च्या वर. सेल मंद फिरत असेल तर हे आकडे खाली येतात, म्हणून आधी बॅटरी बघा. सेल मारताना बॅटरीच्या टोकांवर ९.६ व्होल्टच्या खाली जाऊ नये.

सेल मंद असून बॅटरी चांगली असेल तर मीटर डीसी व्होल्टवर ठेवून एक टोक बॅटरीच्या निगेटिव्ह पोलवर आणि दुसरं इंजिनच्या उघड्या धातूवर धरा, आणि सेल मारा. ०.३ व्होल्टपेक्षा जास्त दिसलं तर अर्थची वायर किंवा तिचा बोल्ट गंजलाय. रंगावर बसवलेली अर्थ हा या गाड्यांतला नेहमीचा दोष. बोल्टखालचा रंग खरवडून चकचकीत धातू दिसू द्या, मग वायर बसवा.

दोन्ही व्होल्टेज येतात, हिरवी वायर खरोखर अर्थला लागलेली आहे, किल वायर काढलेली आहे आणि तरी ठिणगी नाही, तर शेवटी इग्निशन कॉइल आणि सीडीआय उरतात. कॉइलचा प्रायमरी एक ओहमच्या आसपास किंवा कमी, सेकंडरी प्लग कॅप काढून ३ ते १० किलोओहम. कॅपमध्ये स्वतःचा ५ किलोओहम असतो, तो वेगळा मोजा. सीडीआय घरच्या मीटरने तपासता येत नाही. बाकी सगळं बरोबर निघाल्यावरच तो बदलायचा.

रानवाट_११०

मोजमाप केलं. स्पार्क टेस्टरवर ६ मिमीला कडक निळी ठिणगी, एकदाही चुकली नाही. पेट्रोलची धार शेवटपर्यंत सारखी, पाणी नाही. सिरिंजने २ मिली देऊनही एखादाच ठोका.

कॉम्प्रेशन ८० पीएसआय, थ्रॉटल पूर्ण उघडा. ऑइल घालून, फिरवून पुन्हा मोजलं तर ८५. टॅपेट बघितले: इनलेट ०.०४, एक्झॉस्टचा रॉकर अजिबात हलत नव्हता. दोन्ही ०.०५ वर आणून दोन फेऱ्यांनंतर परत मोजले. आता कॉम्प्रेशन १४० येतंय.

चोक लावून सेल मारला आणि इंजिन लगेच पकडलं. पण चोक काढला की बंद पडतं. थ्रॉटल एक तृतीयांश दाबून धरला तर चोक काढूनही चालतं, सोडला की बंद. हे पण टॅपेटचंच का?

चाकजोडी

नाही, हा दुसरा दोष, आणि हा मात्र उभं राहिल्यामुळे झालेला. थ्रॉटलवर चालतं म्हणजे मेन जेट ठीक. सोडल्यावर बंद पडतं म्हणजे आयडलच्या वाटेने पेट्रोल येत नाही किंवा कुठून तरी जादा हवा शिरतेय. चोक लावला की मिश्रण दाट होतं आणि ही कमतरता झाकली जाते.

हवेची गळती आधी बघा, दोन मिनिटांचं काम आहे. थ्रॉटल धरून इंजिन चालू ठेवा आणि कार्ब्युरेटर व हेड यांच्यामधल्या मॅनिफोल्डच्या सांध्यांवर साध्या पाण्याचा बारीक फवारा मारा. आवाज बदलला तर तिथून हवा शिरतेय. ओ-रिंग चपटा झालेला असतो किंवा बोल्ट जास्त आवळून फ्लँज वाकलेली असते. फ्लँज काचेवर पसरलेल्या बारीक पॉलिश पेपरवर घासून सपाट करता येते. इथे पेट्रोल किंवा क्लीनरचा फवारा मारू नका, खाली सायलेन्सरचा पाइप तापलेला असतो.

गळती नसेल तर पायलट जेट, म्हणजे आयडलचं पेट्रोल सोडणारा जेट. पेट्रोल कॉक बंद करा, बाउल रिकामा करा, कार्ब्युरेटर काढून पांढऱ्या कापडावर उघडा. बाउलमध्ये हिरवट-पांढरी पूड किंवा चिकट पिवळा थर दिसेल, तो सुकलेल्या पेट्रोलचा. मधला मोठा तो मेन जेट, शेजारच्या खोल भोकात बसलेला बारीक तो पायलट. पायलटच्या खाचेत नेमका बसणाराच पेचकस घ्या. पितळ मऊ असतं, खाच एकदा गेली की जेट निघत नाही. काही कार्ब्युरेटरमध्ये पायलट दाबून बसवलेला असतो आणि त्यावर रबरी बूच असतं. तो उपटू नका, जागेवरच धुवा.

जेट उजेडाकडे धरा. भोक ०.३५ ते ०.४ मिमीच्या आसपास असतं आणि त्यातून पूर्ण गोल उजेड दिसला पाहिजे. अर्धवट चंद्रकोर दिसली तर तो बुजलेलाच आहे. कार्ब क्लीनरमध्ये काही तास भिजवा, मग वायरमधली एकच बारीक तांब्याची तार किंवा नायलॉनचा धागा घाला. लोखंडी तार, सुई, ड्रिल काही नको. भोक केसभर जरी मोठं झालं तरी मिश्रण कायमचं दाट होतं.

नुसता जेट साफ करून लोक कार्ब्युरेटर बंद करतात आणि तक्रार तशीच राहते, कारण जेटच्या पुढची वाट बुजलेलीच असते. मिक्श्चर स्क्रू आधी आत हलकेच टेकेपर्यंत फिरवून फेरे मोजून लिहून ठेवा, मग पूर्ण काढा. त्याच्यासोबत बारीक स्प्रिंग, वॉशर आणि ओ-रिंग असते, ती हरवू देऊ नका. स्क्रूच्या भोकातून क्लीनरची नळी घालून फवारा मारा. थ्रॉटलच्या स्लाइडखाली, इंजिनच्या बाजूला असलेल्या टाचणीएवढ्या भोकातून धार बाहेर आली पाहिजे. पायलट जेटच्या भोकातूनही तसंच करा. चष्मा लावा, फवारा उलट डोळ्यात येतो. मग दाबाच्या हवेने वाट कोरडी करा. फ्लोट आणि त्याची सुई आधी काढलेली असावी.

बसवताना स्क्रू लिहून ठेवलेल्या फेऱ्यांवर. आकडा नसेल तर दीड फेरा बाहेर. इंजिन पाच-सात मिनिटं गरम झाल्यावर आयडल स्क्रूने वेग थोडा वर ठेवा आणि मिक्श्चर स्क्रू पाव-पाव फेरा फिरवत सगळ्यात जास्त आणि स्थिर वेग मिळेल तिथे सोडा. मग आयडल खाली आणा. स्क्रू इंजिनच्या बाजूला असेल तर बाहेर फिरवल्यावर मिश्रण दाट होतं, एअर फिल्टरच्या बाजूला असेल तर पातळ. तीन फेऱ्यांपेक्षा जास्त बाहेर न्यावा लागला किंवा फिरवून काही फरकच पडला नाही, तर वाट अजून बुजलेली आहे. पुन्हा उघडा.

टॅपेट_शून्यपाच

८० वरून १४०, म्हणजे व्हॉल्व्हची कड अजून शाबूत आहे. तो परत घट्ट होतो का ते बघायला हवं. चार-पाच तास चालवल्यावर थंड इंजिनात एक्झॉस्टचा गॅप पुन्हा मोजा. थोडा कमी झाला तर जुळवून घ्या आणि पुढची मोजणी लवकर करा. तेवढ्यात परत शून्यावर आला तर सीट किंवा व्हॉल्व्ह खराब आहे, मग हेड काढून व्हॉल्व्ह बदलणं आणि सीट घासणं आलं.

गाडी लांब नेण्याआधी ऑइलची डिपस्टिक काढून वास घ्या. उभ्या गाडीत फ्लोटची सुई गळत असेल तर पेट्रोल इनलेटमधून सिलिंडरमध्ये आणि तिथून क्रँककेसमध्ये उतरतं. पातळी खुणेच्या वर असेल, ऑइल पाण्यासारखं पातळ असेल किंवा पेट्रोलचा वास येत असेल तर इंजिन चालवू नका. इतक्या वेळा सेल मारून झालाय, तेव्हा थोडं पेट्रोल उतरलेलं असणारच. ऑइल बदलून टाका. या इंजिनात साधारण ०.८ ते ०.९ लिटर बसतं, १०डब्ल्यू-४० मोटरसायकलचं घ्या. कारचं नको, क्लच त्याच ऑइलमध्ये भिजतो. कार्ब्युरेटर उघडलेलाच असेल तर सुईचं रबरी टोक भिंगाखाली बघा. गोल चरा पडला असेल तर बदला. आणि गाडी उभी करताना पेट्रोल कॉक बंद करायचा.

वेगवान_क्वाड

टॅपेट घट्ट होऊन कॉम्प्रेशन इतकं पडतं हे माहीत नव्हतं. एक शंका: ठिणगी आहे, पेट्रोल आहे, कॉम्प्रेशनही आहे आणि तरी पकडत नसेल तर?

चाकजोडी

मग टायमिंग. फ्लायव्हील क्रँकच्या निमुळत्या टोकावर बसतं आणि जागा नेमकी राहावी म्हणून मधे अर्धचंद्राकार चावी असते. फ्लायव्हीलचा नट सैल राहिला की ती चावी कापली जाते आणि फ्लायव्हील काही अंश सरकतं. ठिणगी चांगली दिसते, पण चुकीच्या वेळी पडते. कार्ब्युरेटरमधून फटाका, सायलेन्सरमधून धडाका, सेल मारताना इंजिन मधेच उलटा झटका देतं, अशी लक्षणं. टायमिंग लाइट लावून सेल मारा. एफ खूण खाचेजवळ दिसली पाहिजे, भलतीकडे दिसली तर फ्लायव्हील काढावं लागेल. त्यासाठी आट्यांचा पुलरच वापरा. हातोडी मारली तर मॅग्नेट तडकतो.

त्याआधी सायलेन्सरच्या तोंडाला हात लावून सेल मारून बघा. धक्के जाणवले पाहिजेत. उभ्या गाडीच्या सायलेन्सरमध्ये कुंभारमाशा मातीचं घर करतात. धूर बाहेर जायला वाट नसेल तर नवं मिश्रण आत येत नाही.

दगडवाट

काळी-पांढरी वायर काढली आणि टेस्टरवर ठिणगी आली. म्हणजे स्टेटर वगैरे ठीक. आता चार स्विचपैकी दोषी कोणता ते कसं शोधू?

वायरिंगवाला

चावी चालू, लाल स्विच "रन"वर, दोरी जागेवर लावलेली. सीडीआयचा सॉकेट काढलेलाच ठेवा आणि मीटर ओहमवर ठेवून काळी-पांढरी ते इंजिनचा धातू असं मोजा. निरोगी सर्किटमध्ये या अवस्थेत मीटर उघडं दाखवेल. तुमच्याकडे काही ओहम किंवा काही किलोओहम दिसतील. आता मीटर तसंच लावून ठेवा आणि एकेक सॉकेट सोडवत जा, आधी रिमोटचा डबा, मग दोरीचा स्विच, मग हँडलचा स्विच, शेवटी चावी. जो सोडवल्यावर मीटर उघडं दाखवेल तो दोषी.

काही किलोओहम दिसत असतील तर स्विच तुटलेला नसून आत पाणी आहे. उघडून कोरडा करा, कॉन्टॅक्ट क्लीनर मारा, हिरवी पूड जमली असेल तर टूथब्रशने घासा. बसवताना सॉकेटमध्ये थोडं डायलेक्ट्रिक ग्रीस भरा. रिमोटचा डबा दोषी निघाला तर तो काढून ठेवता येतो. त्याची काळी-पांढऱ्याला जाणारी वायर मोकळी सोडून टोकावर टेप गुंडाळा. दोरीचा स्विच मात्र काढायचा नाही, बिघडला असेल तर नवा बसवा. शेवटी काळी-पांढरी सीडीआयला परत लावा, इंजिन चालू करा आणि चावी, लाल स्विच आणि दोरी तिन्हींनी ते वेगवेगळं बंद होतं का ते पाहूनच सीटचं झाकण लावा.